किलिमांजारोच्या बातमीत दिवस किती लागले ते पण छापा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीच्या पुढेमागे तुमच्या पेपरात (तुमच्याच असं नाही, सगळ्याच मराठी पेपरांत) एक बातमी ठरलेली असते. आपल्या जिल्ह्यातल्या कुणीतरी आफ्रिकेतलं सर्वोच्च शिखर किलिमांजारो सर केलं, उंची 5895 मीटर, हाडं गोठवणारी थंडी, सोसाट्याचा वारा, तिरंगा फडकला, राष्ट्रगीत झालं, महाराजांचा जयजयकार झाला. वाचून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. त्या ट्रेकरबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे तुमच्या वार्ताहराबद्दल, तो उंची विचारतो, तापमान विचारतो, वय तर हमखास विचारतो, पण कुठल्या वाटेने गेलात आणि किती दिवस घेतले हे काही विचारत नाही. आणि चुकून विचारलंच तर दिवस जितके कमी तितका मथळा मोठा!

आता जो कोणी तिकडे जाऊन आलाय त्याला माहितीये की हे सगळं उलटं चाललंय. किलिमांजारोला नेहमीच्या वाटांनी दोर लागत नाही, कडा चढावा लागत नाही, नुसतं चालायचं असतं, तरी माणसं अर्ध्यातून परततात आणि काही वेळा जीवही जातो, कारण गोची आहे ती हवेची. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, शरीराला त्याची सवय व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ पैसे देऊन किंवा रोज जिम करून कमी होत नाही.

मारंगू वाटेचंच बघा. सगळ्यात जुनी वाट, तंबूत झोपायचं नाही, लाकडी हट आहेत, त्यात गाद्या आहेत, म्हणून आपल्याकडे ती ‘सोपी’ म्हणून खपवतात. गेटच 1800 मीटरच्या वर आहे, म्हणजे आपलं कळसूबाई (1646) गेटच्याही खाली राहिलं. पहिली रात्र मंदारा हट 2720 मीटर, दुसरी होरोंबो 3720, तिसरी किबो हट 4700 च्या पुढे, आणि तिथे धड झोप लागायच्या आत बाराच्या सुमाराला उठवून अंधारात शिखराकडे काढतात. डॉक्टर लोक सांगतात की 3000 मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. इथे पाच दिवसांच्या पॅकेजमध्ये रोज हजार हजार मीटर! सहा दिवसांत केलं तर होरोंबोला एक जादा दिवस मिळतो, दिवसा वर झेब्रा रॉक्सपर्यंत फिरून यायचं आणि रात्री परत खालीच झोपायचं. माचामे वाटेवर पण तेच, दुपारी लावा टॉवरला 4600 मीटरपर्यंत चढवतात आणि झोपायला बरांकोला साडेसहाशे-सातशे मीटर खाली आणतात, तेव्हा वैताग येतो की चढलेलं सगळं उतरवतायत, पण दिवसा उंच जाऊन रात्री खाली झोपलं की शरीराला सवय होते, त्या उतरण्यातच सगळी मेख आहे.

मग पाच दिवसांचं पॅकेज विकतात कशाला? पैसा, दुसरं काय. किलिमांजारो नॅशनल पार्कची फी दिवसावर असते, परदेशी माणसाला रोजचे 70 डॉलर, वर टॅक्स, वर कॅम्पिंगचे किंवा हटचे वेगळे. एक दिवस छाटला की पॅकेज झटकन स्वस्त दिसतं आणि आपण भाव बघून बुकिंग करतो. इथल्या एका आयोजकाने मला तोंडावर सांगितलं होतं की मॅडम तुम्ही हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलाय ना, मग पाच दिवस भरपूर झाले. अहो नळीच्या वाटेचा आणि पाच हजार मीटरचा संबंध काय? राजगड-तोरणा एका दिवसात करणारी पोरं तिकडे जास्त आजारी पडतात असं मी बघितलंय, कारण पायात दम असतो म्हणून ती सुसाट सुटतात आणि गाइड मागून ‘पोले पोले’ म्हणजे हळू हळू म्हणून ओरडत बसतो.

आणि हो, वेगाचा विक्रम म्हणाल तर 2014 साली कार्ल एग्लोफने वर जाऊन परत खाली यायला 6 तास 42 मिनिटं घेतली, पण तो माणूस क्विटोचा, म्हणजे 2800 मीटरच्या वर वसलेल्या शहरात वाढलेला, व्यवसायाने माउंटन गाइड. आपण डोंबिवलीहून जातो.

तुमच्या बातमीचा यात थेट हात आहे असं मला वाटतं, म्हणून हे पत्र. जायच्या आधीच निरोप समारंभ होतो, फ्लेक्स लागतो, स्पॉन्सरचा बॅनर बॅगेत असतो, झेंडा असतो, आल्यावरच्या सत्काराला हॉल बुक असतो. एवढं सगळं डोक्यावर घेऊन गेलेला माणूस चौथ्या दिवशी डोकं ठणकतंय, मळमळतंय, जेवण जात नाही हे गाइडला सांगेल का? नाही सांगत. दोन गोळ्या घेतो आणि चल म्हणतो. बसल्या जागी धाप लागायला लागली, खोकला थांबेना, किंवा चालताना दारू प्यायल्यासारखे झोक जायला लागले की मग एकच उपाय, तात्काळ खाली उतरणं, रात्र असली तरी. डायमॉक्स डॉक्टरांना विचारून आधीपासून घेतली तर सवय व्हायला मदत होते, पण ती घेतली म्हणून वर जायचं लायसन मिळालं असं नाही. लहान मुलांच्या बातम्यांबद्दल तर काय बोलू, दहा वर्षांखालच्या मुलांना शिखराकडे सोडत नाहीत असा तिथला नियम आहे, खास परवानगी काढावी लागते, आणि आपण ‘चिमुकल्याची गगनभरारी’ म्हणून पहिल्या पानावर. पोराला डोकं दुखतंय की घरची आठवण येतेय ते त्यालाच कळत नाही हो.

अजून एक गोष्ट बातमीत कधीच नसते. एका ट्रेकरमागे तीन-चार पोर्टर सहज असतात. गेटवर वजनकाटा लटकवलेला असतो, पोर्टर रांगेत उभे, एकेक बोजा हुकाला अडकवतात, 20 किलोच्या वर गेला की काढा सामान. आमच्यासमोर एक बोजा जास्त भरला म्हणून उघडला तर आत आपल्याच एका ग्रुपचा प्रेशर कुकर, ठेपले, लोणच्याच्या बरण्या आणि चिवड्याचं मोठं पाकीट! तो कुकर मग दुसऱ्याच्या बोजात गेला. हीच माणसं डोक्यावर खुर्च्या, गॅस, तंबू घेऊन आपल्याला मागे टाकत ‘जांबो’ म्हणत निघून जातात आणि आपण कॅम्पवर पोचेपर्यंत चहा तयार असतो. किलिमांजारोच्या पायथ्याच्या मोशी शहरात किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट म्हणून संस्था आहे, ती पोर्टरांना गरम कपडे फुकट वापरायला देते आणि कुठल्या कंपन्या मजुरी, जेवण, तंबू नीट देतात त्यावर लक्ष ठेवते. बुकिंग करताना आपली कंपनी त्यांच्या यादीत आहे का हे विचारायला एक मेल पुरतो. 1889 मध्ये हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर पहिल्यांदा शिखरावर पोचले हे सगळीकडे लिहिलेलं असतं, त्यांच्याबरोबर असलेल्या तिथल्या स्थानिक चग्गा लोकांची नावं किती जणांना माहितीयेत? तेव्हा नाही छापली, ठीक, आता तरी छापायला काय हरकत आहे, फोटोत मागे उभाच असतो की तो गाइड.

तेव्हा वार्ताहरांना एवढं सांगा की वाट कुठली, रात्री किती, गाइडचं नाव काय, आणि ग्रुपमधले कोण परतले ते विचारा. परतलेल्यांची लाज वाटायचं कारण नाही, शिखराच्या थोडं अलीकडे असलेल्या गिलमन्स पॉइंट (5685) किंवा स्टेला पॉइंटपर्यंत जाऊन परतलेल्यालाही तिथलं पार्क सर्टिफिकेट देतं, आपले पेपरच त्याला मोजत नाहीत. अशा एखाद्या परतलेल्या माणसाची मुलाखत तुमच्या रविवारच्या पुरवणीत घ्या, कुठे काय वाटलं, कधी ठरवलं, खाली कसं आणलं, पुढच्या सीझनला जाणाऱ्यांच्या ती जास्त उपयोगाची आहे. माणूस सापडत नसेल तर मला सांगा, माझ्या ओळखीत आहेत.

आपली,
एक नियमित वाचक, नाशिक