ड्रॅगफ्लिकर सोडण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हॉकी इंडिया लीगचे संघ कुणाला ठेवणार आणि कुणाला सोडणार, याची चर्चा गोव्यातही रंगते, मग लीगमध्ये आपला संघ असो वा नसो. त्या चर्चेत एक मत हमखास ऐकू येतं. एका ड्रॅगफ्लिकरवर, म्हणजे पेनल्टी कॉर्नरवर चेंडू काठीने ओढत गोलात फेकणाऱ्यावर, तिजोरी रिकामी करण्यापेक्षा त्याला सोडावं आणि बदल्यात मधल्या फळीचे दोन चांगले खेळाडू घ्यावेत. हे मत सरसकट चूक नाही. फक्त ते मांडणारे फुटबॉलचा हिशेब हॉकीला लावतात आणि तिथे गाडी घसरते.

आधी पैशाचं बघू. ऑक्टोबर २०२४ च्या लिलावात पुरुषांच्या प्रत्येक संघाकडे ४ कोटी रुपये होते आणि त्यात २४ खेळाडू बसवायचे होते. सर्वांत महाग ठरला ड्रॅगफ्लिकर हरमनप्रीत सिंग. सूरमा संघाने त्याला ७८ लाखांना घेतलं. उरलेल्या ३ कोटी २२ लाखांत २३ जण, म्हणजे माणशी सरासरी १४ लाख. तो घेतलाच नसता तर हीच सरासरी १६ लाख ६७ हजारांच्या आसपास गेली असती. फरक माणशी पावणेतीन लाखांहून कमी. एवढ्याने कुणाचा दर्जा बदलत नाही. सुटलेली रक्कम एका-दोघांवरच लावली तर गोष्ट वेगळी. पण तुमच्याकडे एवढे पैसे मोकळे झालेत हे लिलावात समोरच्या टेबलावरच्यांनाही ठाऊक असतं आणि ते बोली चढवत नेतात.

आता खेळाकडे. पेनल्टी कॉर्नर, म्हणजे बचाव करणाऱ्यांनी नियम मोडला की समोरच्यांना मिळणारी गोलाची संधी, हे एकट्या फ्लिकरचं काम नाही. पहिला माणूस गोलखांबापासून १० मीटरवर, गोलरेषेवरून चेंडू ढकलतो. दुसरा गोलासमोर आखलेल्या वर्तुळाच्या बाहेर, १८ मीटरच्या आसपास दूर, काठी आडवी टेकून तो थांबवतो आणि हातभर आत ओढतो. तिसरा फ्लिक मारतो. समोर गोलरक्षक धरून पाच जण, आणि त्यातला पहिला धावणारा, ज्याला सगळे फर्स्ट रशर म्हणतात, दोन सेकंदांच्या आत अंगावर आलेला असतो. एवढ्या वेळात ढकललेला चेंडू वीतभर जरी उडाला किंवा रेषा सोडून आला, तरी थांबवणाऱ्याची काठी हलते, फ्लिकरचं डावं पाऊल चुकीच्या जागी पडतं आणि चेंडू थेट रशरच्या गुडघ्यावर जातो. प्रेक्षक म्हणतात, फ्लिकर संपला. चूक मात्र १८ मीटर मागे झालेली असते.

फ्लिकला एवढी किंमत का, याचं उत्तर नियमात आहे. कॉर्नरवर पहिला फटका काठीने ठोकून मारला तर चेंडू गोलाच्या तळाशी असलेल्या फळीहून, म्हणजे ४६० मिलिमीटरहून जास्त उंचीवरून गोलरेषा ओलांडू शकत नाही. गोलरक्षक आडवा पडला की अर्धं काम झालं. फ्लिकला ही अट नाही. ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच असा सगळा गोल त्याला मोकळा असतो.

दुसरा नियम अदलाबदलीच्या चर्चेत कुणी विचारातच घेत नाही. हॉकीत खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. आघाडीचे गडी तर काही मिनिटांत आत-बाहेर होत असतात. त्यामुळे बाकावर दोन ताजे गडी जास्त असणं हॉकीत फुटबॉलपेक्षा कामाचं, हे मान्य. पण कॉर्नर दिल्यापासून तो पुरा होईपर्यंत बदल बंद असतात. अपवाद फक्त बचाव करणाऱ्या गोलरक्षकाला दुखापत झाली किंवा त्याला बाहेर काढलं तर. म्हणजे पंचाने हात दाखवला त्या क्षणी फ्लिकर बाकावर पाणी पीत असला तर तो कॉर्नर त्याच्याविनाच. हिरवं कार्ड मिळालं तर दोन मिनिटं तो बाहेर, पिवळं मिळालं तर किमान पाच. म्हणून शहाणा प्रशिक्षक दोन फ्लिकर ठेवतो आणि दोघांना एकाच वेळी बाहेर बसवत नाही. ज्या संघाकडे दुसरा नाही, त्याने पहिल्याला सोडण्याचा विषयच काढू नये.

आणखी एक. बहुतेक फ्लिकर बचावपटू असतात आणि काही तर स्वतःच फर्स्ट रशर असतात. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारताच्या १५ गोलांपैकी १० हरमनप्रीतचे, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. अमित रोहिदासचं काय झालं ते विसरलं जातं. ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात १७ व्या मिनिटाला त्याला लाल कार्ड मिळालं आणि उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध त्याच्यावर बंदी आली. भारताचा दुसरा फ्लिकर गेला आणि फर्स्ट रशरही गेला. त्या सामन्यात १८ व्या मिनिटाला जर्मनीने बरोबरी साधली ती पेनल्टी कॉर्नरवर, आणि शेवटी भारत २-३ हरला. रोहिदास असता तर तो गोल झालाच नसता असं म्हणणं धाडसाचं ठरेल. पण एक गडी कमी झाला की किती जागा रिकाम्या होतात, ते तिथे दिसलं.

तो गोल करणारा गोन्झालो पेयाट म्हणजे तर या विषयावरचा धडाच. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तो अर्जेंटिनाकडून खेळला, उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध तीन गोल केले आणि सुवर्णपदक घेऊन गेला. पुढे तोच जर्मनीकडून खेळू लागला. २०२३ च्या भुवनेश्वरच्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पुन्हा तीन गोल, आणि विश्वचषक जर्मनीचा. तुम्ही सोडलेला फ्लिकर समोरच्या संघात उभा राहतो, तेव्हा तुमच्या गोलरक्षकाचे कच्चे कोपरे त्याला पाठ असतात.

गोव्याला हे हॉकीतून शिकायची गरज नाही. फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगमध्ये २०१९-२० साली एफसी गोवा साखळीत अव्वल आला. त्यानंतर ह्युगो ब्युमूस, अहमद जाहू, मुर्तदा फॉल आणि मंदार राव देसाई असा कणाच मुंबई सिटीकडे गेला, शिवाय प्रशिक्षक लोबेराही तिथेच. गोल करणारा माणूस गोव्याला लगेच मिळाला. इगोर अँगुलो त्या मोसमात सर्वाधिक गोल करणारा ठरला. पण उपांत्य फेरीत मुंबईनेच गोव्याला पेनल्टींवर बाहेर काढलं आणि करंडकही नेला. एकटा गडी गेला तर भरून काढता येतो. एकमेकांची सवय असलेली माणसं एकदम गेली की मोसम जातो. हॉकीत ढकलणारा, थांबवणारा आणि मारणारा ही अशीच माणसं. फ्लिकर घेणाऱ्या संघानेही हे ध्यानात ठेवावं. थांबवणाऱ्याशिवाय आणलेला फ्लिकर पहिले काही सामने चाचपडतच खेळतो.

मग सोडायचा कधी? गेल्या मोसमातले सगळे कॉर्नर चित्रफितीवर पाहा आणि प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहा: चेंडू सरळ आला का, एका जागी थांबला का, फ्लिक गोलाच्या चौकटीत होता का, परतलेल्या चेंडूवर आपलं कुणी होतं का. पहिल्या दोन रकान्यांत फुल्या जास्त असतील तर फ्लिकर बदलून काही साधणार नाही, ढकलणारा बदला. टर्फवर पाणी नीट मारलं होतं का हेही लिहा, कारण कोरड्या टर्फवर चेंडू उड्या मारतो आणि चांगला थांबवणाराही फसतो. पहिले दोन रकाने स्वच्छ असून तिसऱ्यात सारख्या फुल्या पडत असतील, तर शरीराकडे बघा. फ्लिकमध्ये सगळा भार डाव्या पायावर येतो आणि कंबर पिळली जाते. पाठीचा खालचा भाग, जांघ आणि डावा गुडघा बोलू लागला की फ्लिकर नकळत पाऊल आखूड टाकतो, चेंडू काठीवर कमी वेळ राहतो आणि वेग जातो. असा खेळाडू नावावर चांगली किंमत आणतो. त्याला त्या वेळी देणं हा रास्त व्यवहार आहे, पण एका अटीवर: दुसरा फ्लिकर संघात आधीच खेळत असला पाहिजे, नुसता यादीत नव्हे. आणि व्यवहार मोसमाआधी व्हावा. अर्ध्या मोसमात तिघांची नवी जुळवाजुळव होत नाही.

पेडे-म्हापसा इथल्या टर्फवर राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा होऊन गेल्या. पोरांना फ्लिक मारायची हौस असते. चेंडू ढकलायचा नि थांबवायचा सराव करा म्हटलं की तोंडं वाकडी होतात. प्रशिक्षकांनी त्या दोन कामांना वेगळा वेळ द्यावा.

आपल्या क्रीडा पानालाही एक विनंती. हॉकीच्या बातमीत गोल कुणी केले एवढंच येतं. मिळालेले कॉर्नर किती, साधले किती आणि चेंडू कुणी ढकलला, एवढी एक ओळ खाली छापलीत तर कुणाला ठेवायचं नि कुणाला सोडायचं यावरची वाचकांची पत्रं तरी आकड्यांवर उभी राहतील.

आपला,
एक हॉकीप्रेमी वाचक, म्हापसा