मोडांच्या वजनात पाणी धरा

महोदय,

तलावपाळीवर सकाळी फेरी मारताना हल्ली रोज कानावर येते, 'डाळ सोडली, आता फक्त मोड.' गेल्या आठवड्यात आमच्या सूनबाईंनीही तेच ठरवले. जांभळी नाक्यावरून लांब, पांढऱ्या मुगाच्या मोडांची पिशवी आली आणि आमटी बंद.

मी तराजू काढला. घरी 100 ग्रॅम मूग भिजवून फडक्यात बांधले, मोड आल्यावर दोनशेच्या वर भरले. वाढले ते पाणी! बाजारच्या लांब मोडांत तर सुमारे 90 टक्के पाणीच. 100 ग्रॅममागे प्रथिने जेमतेम 3 ग्रॅम. शिजलेल्या मसुरात तेवढ्याच वजनाला 9. (कोरड्या मसुराचा 24-25चा आकडा पुढे करणे ही लबाडी, कोरडी डाळ खातो कोण?)

मोडांची खरी कमाई क जीवनसत्त्वाची. पण उसळ रटरटवली की तेही बरेच उडते. आमटीवर लिंबू पिळले तर डाळीतले लोह अंगी लागायला मदत होते. माझी आई हे कुणी न सांगता करायची.

सध्या तह झालाय : दुपारी आमटी, संध्याकाळी घरचे आखूड मोड, जरासे वाफवून. ती पिशवी फ्रिजमध्ये चिकट होऊन गेली.

— एक सासूबाई, नौपाडा, ठाणे