त्या काकांचे आणि त्या मुलीचे आभार

रविवारी विमानांची छोटी मॉडेल्स बनवणाऱ्यांच्या बैठकीत ज्या काकांनी आणि त्या कॉलेजच्या मुलीने मला सावरलं, त्यांचे मनापासून आभार. गडबडीत नावं विचारायची राहूनच गेली.

बाबा हवाई दलात मिग-२१ वर फिटर होते. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला या विमानाला निरोप दिला, तो सोहळा त्यांनी टीव्हीसमोर उभं राहून पाहिला. म्हणून त्यांच्या पंचाहत्तरीसाठी १/७२ मापाचं, वीतभर मिगचं मॉडेल करायला घेतलं. बैठकीच्या आदल्या दिवशी कॉकपिटची काच सुपरग्लूने चिकटवली आणि त्याच्या वाफेने ती आतून पांढरीफटक झाली. मला रडूच आलं.

काकांनी ब्लेडच्या टोकाने काच अलगद सोडवली. आधी दोन हजार नंबरचा ओला पॉलिश पेपर, मग इअरबडवर टूथपेस्ट. बोटाच्या पेराएवढी ती काच तासभर घासत होते, मधूनमधून खिडकीशी धरून बघत होते. चहा तसाच गार झाला. "काचेला फेविकॉल लावायचा बाळा, वाळला की दिसत नाही," एवढंच म्हणाले. शेपटीवरचा माझा तिरंग्याचा स्टिकर फाटला होता, तो त्या मुलीने स्वतःच्या किटमधला कापून दिला.

बाबांनी चष्मा पुसून त्या काचेतून आत बराच वेळ पाहिलं. "सीट बरोबर बसवलीस," म्हणाले.