कुरण एका पावसात होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘ई-क्लासवर बहरले कुरण’ ही कालच्या अंकातली बातमी वाचली. एरवी ई-क्लासची, म्हणजे गावाच्या सरकारी गायरानाची, बातमी येते ती अतिक्रमणाची, म्हणून गवताला एवढी जागा दिल्याबद्दल आधी आभार. पण फोटोत मांडीभर उंचीचं जे हिरवंगार दिसतं, तो तरोटा आहे, म्हणजे तण. तीन-तीन जोड्यांची गोल टोकाची पानं आणि मधे उमललेली पिवळी फुलं स्पष्ट दिसतात. गवताचं एक पातं त्या फोटोत नाही. गुरं तरोट्याला तोंड लावत नाहीत, हे आपल्या प्रतिनिधीला तिथल्या कोणत्याही गुराख्याने सांगितलं असतं. जूनमध्ये बी टाकलं आणि पोळ्याच्या आत कुरण तयार झालं, असं बातमीतले साहेब सांगतात आणि आपण ते जसंच्या तसं छापता. वाचून संताप झाला.

चरून चरून उघडी पडलेली किंवा नांगरलेली जमीन मोकळी सोडली, की तिच्यावर झाडोरा क्रमाने येतो. पहिल्या पावसात तरोटा, कुरडू, गोखरू, गाजरगवत. त्यांचं बी मातीत आधीच पडून असतं. गुरं आत आली नाहीत, तर पुढच्या एक-दोन पावसाळ्यांत ‘लाशा’ या गवतासारखी हलकी गवतं शिरतात, मग कुसळी. पवन्या, मारवेल, डोंगरी ही टिकाऊ आणि चाऱ्याची गवतं सगळ्यांत शेवटी येतात. तीही जवळच्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर), नाल्याच्या काठावर त्यांचे ठोंब शिल्लक असतील तरच, कारण त्यांचं बी मातीत फार काळ जिवंत राहत नाही. अतिचराई झाली की हाच क्रम उलटा फिरतो. आधी पवन्या-मारवेल जातं, मग कुसळी, आणि शेवटी मुरूम उरतो. दाबडघाव आणि शंकरनारायण या गवताच्या अभ्यासकांनी १९७३ साली देशातल्या गवताळ भागांचे पाच गट पाडले. त्यात आपलं पठार पवन्या-मारवेलच्या गटात आहे. आपल्या मातीचं गवत कोणतं, हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीच सुटलेला आहे.

तरीही या ई-क्लासवर अंजन गवताचं बी आणलं गेलं. अंजन चांगलं गवत आहे, पण ते हलक्या, रेताड, निचऱ्याच्या जमिनीचं. गायरानाचा खालचा पट्टा काळ्या मातीचा आहे, तिथे श्रावणात पाणी तुंबतं आणि अंजनाची रोपं पिवळी पडून सडतात. त्या पट्ट्यात मारवेल हवं होतं आणि वरच्या बरडावर पवन्या, कुसळी, डोंगरी. त्यापेक्षा मोठं नुकसान ट्रॅक्टरने केलं. सगळी जमीन नांगरल्यामुळे कुसळीचे जे थोडे ठोंब तग धरून होते तेही उपटले गेले आणि खोल गाडलेलं तरोट्याचं बी वर आलं. कुरण करायचं असेल तर सरसकट नांगरट करायचीच नाही. आहे ते गवत राखायचं आणि फक्त मधल्या उघड्या जागांत पेरायचं किंवा लावायचं.

बियाण्याबद्दल कोणी नीट सांगत नाही, म्हणून जरा लांबण लावतो. पवन्या-मारवेलच्या तुऱ्यात कणसुली, म्हणजे दाणा धरणारी बारीक कणसं, जोडीने असतात. देठ नसलेल्या, कुसळ असलेल्या कणसुलीतच दाणा भरतो. देठाची दुसरी बहुधा पोकळ निघते. म्हणजे पोत्यातल्या जवळपास निम्म्या कणसुली नुसता भुसा. खरेदी करताना चिमूटभर बी तळहातावर चोळून पाहावं. दाणे हाताला लागले नाहीत तर पोतं परत करावं. शंभर कुसळवाल्या कणसुली ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या, तर दोन आठवड्यांत उगवण कळते. यावर खर्च काही नाही. तुरा वरून खाली पिकत येतो आणि पिकलेलं बी चार दिवसांत झडतं, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास दोन-तीनदा फिरून हातानेच ओरबाडून घ्यावं लागतं. ताजं बी लगेच उगवत नाही. उन्हाळाभर कोरड्या जागी ठेवून पुढच्या पावसाळ्यातच पेरायचं.

पेरताना हेक्टरी ५ ते ६ किलो चांगलं बी पुरतं. ते नुसतं फेकलं तर वाऱ्याने एका कोपऱ्यात गोळा होतं, उरलेलं मुंग्या नेतात. एक भाग बी, तीन भाग चाळलेली माती, एक भाग शेण आणि एक भाग रेती कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या कराव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. मृगाच्या पहिल्या सरीवर पेरण्याची घाई करू नये. कोंब निघतो आणि पुढच्या उघाडीत करपतो. पाऊस नीट बसला की पेरायचं, आणि माती चढवायची ती जेमतेम अर्धा सेंटिमीटर. खोल गेलेलं बी वर येत नाही.

मारवेलसाठी तर ठोंब लावणं सगळ्यांत खात्रीचं. एका भरल्या ठोंबाच्या दहा-पंधरा फोडी निघतात. प्रत्येक फोडीला तीन-चार फुटवे ठेवायचे, वरचा पाला वीतभर ठेवून छाटायचा, मुळ्या ओल्या पोत्यात ठेवायच्या आणि त्याच दिवशी लावायच्या. ५० बाय ५० सेंटिमीटरवर हेक्टरी ४०,००० फोडी लागतात. आकडा मोठा वाटतो, पण पट्ट्यापट्ट्याने लावलं तर मधली जागा गवत पुढे स्वतःच भरतं. ही मजुरी गावातच राहते.

आता फोटोतल्या तरोट्याचं. पोळ्याला आठ दिवस आहेत, एवढ्यात तो मुळासकट उपटला पाहिजे. जमीन ओली असेपर्यंत तो सहज निघतो. मशीनने वरून कापला तर खालून फांद्या फुटतात आणि बुटक्या झाडालाही शेंगा लागतात. शेंगा धरल्यावर उपटलेली झाडं तिथेच टाकली तर तीही बी पिकवतात, म्हणून बाहेर नेऊन ढीग करावा. कठीण सालीमुळे हे बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं, तेव्हा हेच काम सलग तीन-चार पावसाळे करावं लागेल. रानतुळस या दुसऱ्या तणाचंही तसंच. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड ही गावं पुनर्वसनात उठली आणि तिथल्या जुन्या शेतांची कुरणं झाली, ती एका हंगामात झालेली नाहीत. इथे मात्र ठेका पेरणीपुरता आहे. निंदणाचे पैसे त्यात धरलेलेच नाहीत.

चराईबंदीचंही तेच. सगळा ई-क्लास एकदम बंद केला तर गुरं जाणार कुठे? एक तृतीयांश भाग दोन पावसाळे राखावा, बी झडल्यावर गवत इळ्याने कापून न्यावं, खाली चार बोटं खुंट ठेवावा आणि मग पुढचा भाग घ्यावा. गुराख्यांना विचारून हे केलं तर कुंपण लागत नाही.

आणखी एक. त्याच पानावर खाली वृक्षलागवडीची बातमी आहे, आणि तीही ई-क्लासवरच. ही गवतं उन्हाची आहेत, दाट सावलीत विरळ होत जातात. आमच्या शेजारचं कारंजा-सोहोळचं अभयारण्य काळविटांचं आहे, त्यांना उघडं रानच लागतं. तणमोर हा पक्षी तर गवतातच जमिनीवर अंडी घालतो. झाडं लावायची तर गावठाणात, रस्त्याच्या कडेला, शेताच्या धुऱ्यावर भरपूर जागा आहे. बरडावर जे खड्डे खणून ठेवलेत आणि ज्यांत रोपं पडलेली नाहीत, ते तरी ग्रामपंचायतीने याच महिन्यात बुजवून वर कुसळीचे ठोंब लावावेत. उकरलेल्या मुरमाच्या प्रत्येक ढिगावर आताच तरोटा उभा आहे.

आपला,
एक वाचक
ता. कारंजा (लाड), जि. वाशिम