रांगोळी मुलींनी, बाक मुलांनी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘मुलींना आता सगळं मिळालं, मग हे बाहेरून आलेलं स्त्रीवादाचं खूळ कशाला?’ अशा अर्थाचं एका वाचकाचं पत्र मागच्या आठवड्यात आपल्या अंकात वाचलं. त्यांचा राग आला नाही. हेच वाक्य मी आठवीच्या वर्गात रोज ऐकते, आणि ते बोलणारी पोरं माझीच आहेत. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात मी गेली एकवीस वर्षं शिकवते.

पोरांची तक्रार साधी असते. “बाई, एसटीत त्यांना अर्धं तिकीट, आम्हाला पूर्ण. आईच्या खात्यावर पंधराशे येतात, पप्पांच्या नाही. आणि वर फेमिनिस्ट आम्हालाच बोलतात.” हा शब्द त्यांना रील्समधून मिळालाय आणि त्यांच्या तोंडी ती शिवीच आहे. एखादी मुलगी जरा उलट बोलली की मागच्या बाकावरून आवाज येतो, “आली फेमिनिस्ट.” मुलीही त्या शब्दापासून चार हात लांब राहतात. “बाई, मी तसली नाही हां, पण मला पोलीस भरतीला जायचंय,” असं एकीनं मला सांगितलं. भरतीला जायची इच्छा तिला माफी मागितल्यासारखी सांगावी लागली, याचं मला फार वाईट वाटलं.

पोरांना मी गप्प बसवलं नाही. तिकिटाचा फरक त्यांना डोळ्यांनी दिसतो, मग ते बोलणारच. जो फरक दिसत नाही तो दाखवावा म्हणून मी सगळ्यांना वहीत लिहायला सांगितलं: काल शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत कोणी काय केलं, अर्ध्या-अर्ध्या तासानं. मुलींच्या वह्यांत भांडी, वाळत घातलेले कपडे काढणं, शेरडांना पाला, धाकट्याला सांभाळणं, आईजवळ भाकरीला बसणं. मुलांच्या वह्यांत ग्राउंड, मोबाइल, डेअरीला दूध घालणं, पुन्हा मोबाइल. एकानं अगदी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘जेवलो. ताट तिथंच ठेवलं.’ मी विचारलं, मग ते उचललं कोणी? पोरगा खरंच विचारात पडला. त्याला आठवेना. शेवटी म्हणाला, “ताईनं उचललं असंल.”

ही काही एका गावाची गोष्ट नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत, घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ८८ मिनिटं, असं निघालं. आणि त्यात घरकामाला हातच न लावणारे पुरुष धरलेले नाहीत.

मला खरं तर वेगळीच गोष्ट सांगायची आहे. आज आठवीत असलेली ही मुलं २०१९ मध्ये दुसरीत होती. त्याच वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा शेजारी-शेजारी बसून भाजी निवडताहेत असं चित्र आलं. त्यावर वर्तमानपत्रांत चर्चाही झाली होती. मी तो वर्ग घेत होते. चित्र बघून पोरं आधी हसली. मग एक जण उठून म्हणाला, “माझे पप्पा पण कांदा चिरतात, त्यांच्या डोळ्यातनं पाणी येतं.” लगेच दुसरा, लगेच तिसरा, आपापल्या बापाची कामं सांगायला चढाओढ लागली. सात वर्षांच्या पोरांना त्यात काही कमीपणा वाटत नव्हता.

तो कांद्याचं सांगणारा मुलगा आज उत्तम रांगोळी काढतो. आई आजारी होती तेव्हा दारात काढायला लागला आणि हात बसला. वर्गात हे कळलं तेव्हा त्याला ‘बायल्या’ म्हणायला सुरुवात झाली, वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरसुद्धा. आता तो रांगोळीचं नाव काढत नाही.

सहा वर्षांत हे कुठून आलं? सगळा दोष मोबाइलवर टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही. दरवर्षी स्नेहसंमेलनाची कामं वाटणारा कागद मी माझ्या हातानं लिहीत आले. मुली: रांगोळी, औक्षण, पाहुण्यांना चहा-पाणी. मुले: बाक, सतरंज्या, मंडप, माइक. एकवीस वर्षांत माझ्या मनात एकदाही आलं नाही की स्वागताला नऊवारी नेसून ताट घेऊन मुलीच का उभ्या राहतात. ताप असला तरी बाक उचलणारं पोरगं ‘दुखतंय’ म्हणायला का लाजतं, हेही नाही. पुस्तकातलं चित्र वर्षातून एकदा शिकवलं, आणि हा कागद मात्र दरवर्षी भिंतीला चिकटवला. मुलं कागद शिकली.

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. आमच्या सांगलीची स्मृती मानधना त्या संघात, म्हटल्यावर गावात फटाके वाजले, आणि वाजवणारी हीच पोरं होती. त्यानंतर मधल्या सुट्टीत दोघी मुली बॅट मागायला गेल्या तर उत्तर आलं, “तुम्ही लंगडी खेळा की.” स्मृती भावाच्या मागोमाग मैदानावर गेली, तेव्हा तिला कोणी लंगडी खेळायला पाठवलं नाही, हे मी पोरांना सांगितलं. आता शुक्रवारचं मैदान मुलींचं आहे. अजून कुरकुर चालते.

स्त्रीवाद बाहेरून आला असं पत्रलेखकांना वाटतं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. जे दोष तुम्ही बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का, हा त्यांचा सवाल होता. त्यांच्यावर टीकेची झोड उठली तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूनं उभे राहिले. यातलं परकं काय आहे? माझ्या वर्गातल्या मुलाला ‘बायल्या’ म्हणतात तेव्हा बाईसारखं असणं हाच दोष ठरवलेला असतो. ताराबाईंचा सवाल त्या मुलाच्याही कामाचा आहे.

यंदा मुख्याध्यापकांशी बोलून आम्ही संमेलनाच्या कामांच्या चिठ्ठ्या टाकल्या. माइक आणि वायरिंग दोन मुलींकडे आलं. औक्षणाचं ताट एका मुलाकडे गेलं, चहाचे कप धुणं चार मुलांकडे. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाची आई शाळेत आली. “माझं पोरगं कप धुणार व्हय बाई?” मी तिला तिच्या मुलाची वही दाखवली, ‘ताट तिथंच ठेवलं’ लिहिलेली. वाचून ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “धुऊ द्या. पर त्याच्या बापाला सांगू नका.”

संपादक महोदय, जानेवारीत आपल्या जिल्हा पानावर गावोगावच्या संमेलनांचे फोटो येतात. जवळपास प्रत्येकात पुढं पाहुणे आणि शेजारी ताट घेतलेल्या मुली. जिथं वेगळं काही होत असेल ते टिपायला आपल्या वार्ताहरांना सांगावं, एवढी विनंती आहे. फोटो छापून आला की आमच्याकडे कात्रण शाळेच्या फलकावर लागतं आणि आई-बापही ते बघायला येतात. रांगोळीची चिठ्ठी मी टोपलीत टाकली नव्हती. त्या मुलाला बाजूला बोलावून विचारलं, काढशील का? अजून त्यानं हो म्हटलेलं नाही.

आपली,
एक शिक्षिका, जि. सांगली