एकाच घराची दोन पुस्तके

तीर्थरूप आई-बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पावसाळ्यात वाचण्यासाठी चांगली चरित्रे आणि आत्मचरित्रे सुचव, असे बाबांनी फोनवर सांगितले, आणि ‘सनावळ्या नकोत, माणसे हवीत’ अशी अट आईने मागून घातली. दोघांचेही समाधान होईल अशी काही पुस्तके पाठवीत आहे. मात्र त्यांतली निदान काही जोडीने वाचावीत, अशी माझी विनंती आहे. कारण एकच जगणे दोन माणसांनी सांगितले की पहिल्याने जे गाळले ते पुष्कळदा दुसऱ्याच्या पानांत सापडते.

पहिली जोडी कर्वे पती-पत्नींची. अण्णासाहेबांचे, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ सालचे. परीक्षेसाठी मुरूडहून कुंभार्ली घाट चढून साताऱ्यापर्यंत पायी गेलेल्या मुलाला ‘तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस’ म्हणून परत पाठवण्यात आले, हा प्रसंग ते इतक्या शांतपणे सांगतात की राग येतो तो वाचणाऱ्यालाच. आत्मस्तुती त्या पुस्तकात शोधूनही सापडत नाही; पण घरातली चूलही फारशी दिसत नाही. ती दिसते बाया कर्वे यांच्या ‘माझे पुराण’मध्ये. बालपणीच विधवा झालेल्या गोदूबाई, म्हणजेच बाया, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या आणि १८९३ साली विधुर अण्णांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. पुढे अण्णांनी तन, मन आणि मुख्य म्हणजे धन विधवांसाठी काढलेल्या आश्रमाला वाहिले, तेव्हा पोरे कशी वाढवायची, हा प्रश्न बायांनाच सोडवावा लागला. नवऱ्याविषयीचा आदर आणि त्याच्यावरचा संताप या दोन्ही गोष्टी त्या जराही आडपडदा न ठेवता एकाच दमात सांगून टाकतात. एवढ्या मोठ्या माणसाच्या पत्नीने असे लिहावे का, असे बाबांना वाटेल. मला तर बायांच्या पुस्तकानंतरच अण्णा खरे मोठे वाटले.

दुसरी जोडी नवरा-बायकोची नव्हे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना ऐकवतो, म्हणजे शिकून सवरून शहरी झालेला माणूस आपल्याच जुन्या नावाला समोर बसवून बोलतो. गावाचा महारवाडा आणि मुंबईतली कावाखाना ही वस्ती, दोन्ही त्यात आहेत. त्यापाठोपाठ बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ वाचावे. फलटणच्या आपल्या छोट्या दुकानात बसून त्यांनी ते लिहिले आणि कागद कित्येक वर्षे घरच्यांच्या नजरेआड ठेवले. सवर्णांनी केलेला छळ त्यात आहेच, पण सासरवासाला कंटाळून पळू पाहणाऱ्या सुनांची कापलेली नाकेही आहेत. ‘बलुतं’ एका माणसाभोवती फिरते, आणि बेबीताई मात्र ‘मी’ म्हणता म्हणता ‘आम्ही’ म्हणू लागतात. आई, ही पुस्तके रात्री वाचू नकोस, झोप लागणार नाही.

धर्मानंद कोसंबींच्या ‘निवेदना’ला मात्र जोड नाही, आणि ती उणीव मला सतत बोचते. गोव्यातल्या साखवाळचा हा तरुण ‘बालबोधमेवा’ मासिकातले बुद्धचरित्र वाचून झपाटला, घर सोडून पुणे, काशी, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश असा भटकला आणि पुढे हार्वर्डला जाऊन पोचला. काशीत अन्नछत्राच्या जेवणावर दिवस काढून केलेल्या संस्कृतच्या अभ्यासाची पाने बाबांना नक्की आवडतील. पण घरी मागे राहिलेल्या पत्नीची बाजू आपल्याला केवळ नवऱ्याच्याच शब्दांतून मिळते.

चरित्रांविषयी थोडेसेच लिहिते, कारण चरित्रकार भक्त झाला की मी पाने उलटू लागते. धनंजय कीरांचे बाबासाहेबांचे चरित्र तुमच्या कपाटात आहेच. मूळ इंग्रजी पुस्तक १९५४ साली, म्हणजे चरित्रनायकाच्या हयातीतच आले होते, हे ध्यानात ठेवून पुन्हा वाचावे. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ हे कृष्णवर्णीय अमेरिकी कृषिशास्त्रज्ञाचे चरित्र नातवंडांसाठी पाठवले आहे, तरी तुम्हीही चाळून पाहावे.

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ मुद्दाम शेवटी ठेवले, कारण त्याला जोडीची गरजच नाही. सोवळ्यापायी मीठसुद्धा धुऊन घेणारे वडील, न सांगता घरातून नाहीसा होणारा कवी नवरा, १८९५ साली त्याने स्वीकारलेला ख्रिस्ती धर्म आणि त्यानंतरची ताटातूट, हे सारे त्या असे सांगतात की हसू आणि रडू एकाच वाक्यात येते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने लिहिलेले हे मराठी आजही माझ्या मते सर्वांत ताजे आहे. बाबांचे ते पूर्वीच वाचून झाले आहे. तेव्हा आईने सुरुवात त्यापासूनच करावी आणि ती शेवटच्या पानापर्यंत पोचेपर्यंत बाबांनी तिला पुढचे काही सांगू नये.

कळावे.

आपली,
मुग्धा