प्रबंधाचा सारांश शाळेलाही द्या

महोदय,

शैक्षणिक मानसशास्त्र आणि बालविकास या विषयांत पीएच.डी. करणारे संशोधक मुलांकडून प्रश्नावल्या भरून घ्यायला पुण्यातल्या शाळांत नेहमी येतात. आम्ही पी.टी.चा तास देतो, पालकांच्या सह्या गोळा करतो. मग चौथीतली एखादी मुलगी 'पूर्णपणे सहमत' ते 'पूर्णपणे असहमत' असे पाच चौकोन बघते, शेजारणीच्या कागदात डोकावते आणि ओळीने मधल्या चौकोनात खुणा करत सुटते. वर्गातल्या बाईंना हे दिसतं, प्रबंधातल्या तक्त्यात दिसत नाही. एवढ्या लहान मुलांशी बोलून, त्यांना खेळताना पाहूनच माहिती घ्यायला हवी. वेळ लागतो, पण पीएच.डी.ला किमान ३ वर्षं असतातच.

त्याहून मोठी खंत म्हणजे निष्कर्ष आमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. प्रबंध 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढतो, बहुतेकदा इंग्रजीत आणि भलामोठा. वाचनात मागे पडलेल्या मुलाबरोबर उद्या वर्गात काय करायचं, याचं उत्तर त्यात असेलही. पण ते शोधायचं कुणी आणि कधी? १९६२ साली स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने मानसशास्त्र आणि शिक्षण यांची सांगड याच शहरात घातली, त्यामुळे हे अशक्य नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनी प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली, ते चांगलंच झालं. आता विद्यापीठाने संबंधित शाळेला चार पानी मराठी सारांश दिल्याची पोच प्रबंधासोबत मागावी. संशोधकांनीही एखाद्या शनिवारी येऊन आम्हा शिक्षकांशी बोलावं.

– एक प्राथमिक शिक्षिका, हडपसर, पुणे